पाट्याची सुरी: घडवणं, पाणी देणं, रंग उतरवणं

भातेवाला

किचनच्या सुऱ्यांच्या धाग्यात तिघाचौघांनी विचारलं होतं की गाडीच्या पाट्यापासून (म्हणजे चाकावरच्या कमानीतल्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) सुरी घरी बनते का आणि बनते तर तिला पाणी कसं द्यायचं, म्हणजे लाल तापवून झटकन बुडवून कडक कसं करायचं. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी धंद्यानं लोहार नाही, शनिवार-रविवारचा हौशी आहे, त्यामुळे जाणकारांनी बिनधास्त कान धरावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोक 'पाणी' या प्रकाराच्या फार प्रेमात असतात, कोणी गोमूत्र सांगतं, कोणी मिठाचं पाणी, कोणी अमुक विहिरीचंच पाणी. पण सुरीचं बरंवाईट बादलीत ठरत नाही, बादलीत जायच्या आधी पातं किती तापलं आणि किती वेळ तापत राहिलं यावर ठरतं. निम्म्याहून जास्त बिघडलेल्या सुऱ्या तिथेच बिघडलेल्या असतात, पाणी बिचारं उगाच शिव्या खातं.

आता माल. आपल्याकडचे पाटे साधारण ईएन ४५, ईएन ४७ किंवा एसयूपी ९ या प्रतींच्या पोलादाचे असतात. पहिल्यात सिलिकॉन जास्त, दुसऱ्यात क्रोमियम आणि व्हॅनेडियम, तिसऱ्यात क्रोमियम. कार्बन तिघांतही अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे सुरीला पुरेसा. भंगारातला पाटा घेऊ नका असं मी म्हणेन, कारण रस्त्यावर लाखो वेळा वाकून त्याला केसासारख्या भेगा पडलेल्या असतात, त्या दिसत नाहीत आणि पाणी देताना उघडतात. हायवेला कमान दुरुस्तीवाले असतात, त्यांच्याकडे नवीन पाटा कापून उरलेले तुकडे किलोवर मिळतात, ते घ्या. पिकअपचा पातळ पाटा मिळाला तर अजून बरं, ट्रकचा जाड पाटा हातानं सुरीएवढा पातळ करायचा म्हणजे दंड गळून पडतात. सळई, अँगल, फॅब्रिकेशनवाल्याकडची पट्टी यात कार्बन इतका कमी असतो की कशातही बुडवा, सुरीच्या कामाचं कडक होत नाही. शंका असेल तर ग्राइंडरवर टेकवून ठिणगी बघायची. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघेत जातात, पोलादाच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात.

भट्टी म्हणजे जुना ब्रेक ड्रम, खालून पाइप आणि ब्लोअर. लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा वापरतो, दगडी कोळशात गंधक असतं आणि धूर शेजाऱ्यांना सहन होत नाही. भट्टी सावलीत हवी, उन्हात रंग कळतच नाही, भर दुपारी जे लाल वाटतं ते प्रत्यक्षात केशरीच्या पुढे गेलेलं असतं. घडवताना केशरी-पिवळ्यावर सुरू करायचं आणि लाल मंद व्हायला लागलं की हात आवरायचा, परत भट्टीत. थंडावलेल्या पात्यावर घण घालत बसलं की आत चिरा जातात. उलट टोकाला पांढरट होऊन पातं स्वतःच ठिणग्या टाकायला लागलं तर ते जळलं, तेवढा भाग कापून टाका, तो परत सुधारत नाही.

नवीन माणसाला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांब होते आणि सुरी पाठीकडे केळ्यासारखी वाकते. म्हणून आधीच तिला उलटं, म्हणजे धारेच्या बाजूला, थोडं वाकवून घ्यायचं, मग ठोकता ठोकता आपोआप सरळ येते. धार पूर्ण काढायची नाही, पाणी द्यायच्या आधी कडेला एक-दीड मिलिमीटर जाडी राहू द्या. आणि पातं जिथे मुठीत शिरतं तिथला कोपरा गोल ठेवा, काटकोनी ठेवलात तर तडा तिथूनच जाणार.

पाणी आणि रंग उतरवणं (कडक झालेलं पातं परत हलकं तापवून ठिसूळपणा काढणं) पुढच्या प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

चिमटा_कोथरूड

वाचनखूण साठवली. पुढचा भाग टाका लवकर, आणि फोटो टाका राव, फोटो नसले तर आम्ही मानत नाही :)

भातेवाला

फोटो रात्री. पुढे.

घडवून झालं की लगेच बुडवायला पळायचं नाही. इतका वेळ मोठ्या आचेत राहून पोलादाच्या आतले कण मोठे झालेले असतात. पातं चांगलं लाल-केशरी करायचं, बाहेर काढून हवेत लटकवून ठेवायचं, काळं पडलं की परत तापवायचं, पण दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी. अशा तीन फेऱ्या. पहिली साधारण ८७० अंशाला, शेवटची ८०० च्या जवळपास. यात खर्च नाही, मेहनत नाही, तरी नव्वद टक्के लोक हेच गाळतात. फरक बघायचा असेल तर एकाच पाट्याचे दोन तुकडे घ्या, एकाला हे करा, एकाला नको, दोन्हींना पाणी द्या आणि व्हाइसमध्ये धरून मोडा, चष्मा घालून. एकाचं तोंड राखाडी मखमली दिसेल आणि दुसऱ्याचं जाड साखरेसारखं चमचमेल. ते चमचमणारं म्हणजे ठिसूळ.

मग भोकं पाडायची, कानशीनं आकार द्यायचा. कानस लागत नसेल तर पातं लाल करून रात्रभर चुलीच्या राखेत पुरून ठेवा, मऊ येतं. मग पॉलिश पेपरनं पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासून घ्या, आडव्या खोल रेघा राहिल्या तर त्याही तडा जायची जागा होतात.

आता तापमान. लोहचुंबक जवळ ठेवायचं. ७७० अंशाच्या आसपास पातं चुंबकाला चिकटायचं बंद होतं. तिथे थांबायचं नाही, अजून एक छटा वर, म्हणजे ८३० च्या जवळ न्यायचं. अंधारात नीट बघितलंत तर तापताना पात्यातून एक सावली सरकताना दिसते, ती पूर्ण निघून गेली पाहिजे. ज्यांना नजरेवर भरवसा नाही त्यांनी पात्यावर साध्या मिठाचे दोन कण टाकावेत, मीठ ८०१ अंशाला वितळतं, ते पाणी झालं की तुम्ही जवळ आलात.

आणि मग तेल. सूर्यफूल, शेंगदाणा, जे स्वस्त मिळेल ते, चारपाच लिटर, लोखंडी उभ्या डब्यात, ५०-६० अंशाला कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होतं त्यामुळे उष्णता लवकर ओढतं, थंड तेल जास्त कडक करतं हा गैरसमज आहे. पातं सरळ उभं आत घालायचं, पुढे-मागे हलवायचं, डावी-उजवीकडे हलवलंत तर वाकडं होईल.

पहारवाला_सांगली

भातेवाला दादा, लिहिलंय चांगलं पण तेलाचं काय पटलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या ऐरण आहे, आज्जा पाण्यातच द्यायचा, रस्त्याकडंला पाल टाकून बसणारे घिसाडीपण पाण्यातच देतात, त्यांची बायकामाणसं तो एवढा मोठा घण घालतात आणि नवरा चिमट्यात धरून कोयता फिरवतो, हे सगळ्यांनी बघितलं असंल. त्यांचे कोयते काय मोडत्यात का? पाट्याचेच असत्यात की.

धातुकण

पहारवाला, प्रश्न रास्त आहे. तुमचे आजोबा अख्खं पातं बुडवायचे की फक्त धार? माझा अंदाज आहे की फक्त धार.

पहारवाला_सांगली

बरोबर. फक्त धारच. बोटाच्या पेराएवढी. सांगतो कसं ते.

कोयता तापवायचा, लाल झाला की धारेची कड तेवढी पाण्यात घालायची आणि वरखाली हलवत ऱ्हायचं, एका जागी धरला तर पाण्याच्या रेघेवर चीर पडती. कडेचा लाल रंग गेला की भाईर काढायचा. पाठ अजून गरमच असती. लगेच विटेच्या तुकड्यानं धार घासायची, खपली निघून पांढरं लोखंड दिसलं पाहिजे. मग नुसतं बघत ऱ्हायचं. पाठीची ऊब धारेकडं उतरती तसा रंग उतरतो, आधी पिवळा, मग तांबूस तपकिरी, मग जांभळा, मग निळा. ऊसतोडीच्या कोयत्याला जांभळा धारेवर आला की सगळा कोयता पाण्यात. आज्जा म्हणायचा रंग पळतोय, तू पळू नको. निळा होऊन पुढं गेला तर धार वाकती, पिवळ्यावर धरला तर दगडावर बसला की तुकडा उडतो. आणि जुन्या कोयत्यांत सगळं पोलाद नसायचंच, मऊ लोखंडाच्या अंगाला धारेपुरतं पोलाद टाकणखार (बोरॅक्स) लावून चिकटवलेलं असायचं. पहार, कुदळ शेवटायला आली की आजपण तसंच करतो.

धातुकण

हा प्रतिसाद सोन्यानं मढवून ठेवा कोणीतरी. _/\_

आता दोघांचंही बरोबर कसं ते सांगतो, कॉलेजात मेटलर्जी शिकलो ते कधीतरी कामाला यावं. पोलाद ८३० अंशाला असताना त्यातला कार्बन विरघळलेला असतो. झपकन थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो, त्या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, कडकपणा तिथून येतो. हळू थंड केलं तर कार्बन निवांत बाहेर पडून थर धरतो आणि पोलाद मऊ राहतं. किती झपकन हे पोलादावर अवलंबून. साध्या कार्बन स्टीलला ५४० अंशाच्या खाली जायला जेमतेम सेकंदभर मिळतो, त्याला पाणी नाहीतर अगदी पातळ तेल लागतं. पाट्यात क्रोमियम, मँगनीज असल्यामुळे त्याला जास्त सवड असते, तेलाचा वेग पुरतो. मग पाण्यात नेऊन काय मिळतं? जास्तीचा कडकपणा नाही, फक्त जास्तीचा ताण. पातळ सुरीत पृष्ठभाग आधी आकसतो, मग आतला भाग मार्टेन्साइट होताना फुगतो आणि 'टिंग' असा आवाज येतो, तो ऐकला की सुरी गेली.

पहारवाल्यांच्या पद्धतीत पाठ गरम आणि मऊ राहते, ताण ती खाऊन टाकते, शिवाय पातं जाड असतं आणि धार पूर्ण थंड व्हायच्या आत परत गरम व्हायला लागते. पाणी देणं आणि रंग उतरवणं दोन्ही एकाच तापवण्यात उरकतं. इंधन विकत घेणाऱ्या माणसानं शोधलेली पद्धत आहे ती, हुशार आहे. पण दोन मिलिमीटरच्या भाजीच्या सुरीला लावू नका, तिच्या पाठीत तेवढी ऊबच शिल्लक राहत नाही.

अवांतर: नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची महापाषाणयुगीन भट्टी मिळाली आहे, तेव्हा विदर्भात हा उद्योग फार जुना.

नवशिका_७७

माझी अडचण. पाट्याचीच सुरी आहे, चुंबक सुटल्यावर सूर्यफुलाच्या तेलात बुडवली, पण कानस लावली तर कानस खाते, घसरत नाही. म्हणजे पाणी चढलंच नाही का? सगळं परत करायचं का?

भातेवाला

थांबा, आधी अजून चारपाच हात कानस मारा त्याच जागी. भट्टीत जास्त वेळ राहिलं की वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो, ती कातडी मऊच राहते. खाली गेल्यावर कानस काचेवर घसरल्यासारखी घसरायला लागली तर पाणी नीट चढलंय. म्हणून तर ती एक-दीड मिलिमीटर जाडी ठेवायची, ही कातडी घासण्यातच जाते.

धातुकण

आणि तरीही खात असेल तर चुंबक सुटल्या सुटल्या बुडवलंत हेच कारण असणार. थोडं वर न्या आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखा रंग आल्याशिवाय काढू नका. टोक पातळ, ते आधी तापतं, त्याला आगीच्या बाहेर ठेवून बुडखा तापवावा लागतो. भट्टीतून तेलापर्यंतचं अंतरही बघा, पातळ पातं हातात घेऊन तीन पावलं चाललात की ते वाटेतच थंड होतं. डबा भट्टीच्या शेजारी ठेवा.

नवशिका_७७

तेल ब्लोअरपासून लांब ठेवलं होतं, आगीच्या भीतीनं. चार पावलं असेल. आणि गॅरेजवाला जुनं इंजिन ऑइल फुकट देतोय, ते चालेल का?

भातेवाला

भीती चांगलीच आहे, ती जाऊ देऊ नका. डब्याला घट्ट बसणारं लोखंडी झाकण हवं, तेलानं पेट घेतला की झाकण टाकायचं, पाणी अजिबात मारायचं नाही. पातं पूर्ण बुडलं पाहिजे, अर्धं बाहेर राहिलं की तिथेच भडका उडतो. जुनं इंजिन ऑइल नको. त्यात काय काय विरघळलेलं असतं आणि तो धूर तुमच्या नाकात जाणार. खायच्या तेलाचा धूर निदान भज्यांचा वास देतो. आणि गॅल्वनाइज्ड पाइप, बादलीची कडी असलं काही भट्टीत घालू नका, जस्ताचा पांढरा धूर येतो, त्यानं ताप भरतो.

ऑस्टिनकर

इथे टेक्सासमध्ये गराजमध्ये हाच उद्योग करतो. इकडे ५१६० नावाचं पोलाद मिळतं, ते म्हणजे जवळपास आपलं एसयूपी ९. मी म्हणेन भंगार, उरलेले तुकडे वगैरे सोडा आणि ठाऊक असलेलं पोलाद विकत घ्या, भारतात टूलस्टीलवाल्यांकडे ओएचएनएसची (तेलात कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाची) पट्टी मिळते की. तुकडा कशाचा हेच माहीत नसेल तर तापमानाचे आकडे कशाच्या जोरावर सांगणार? आणखी एक, इथली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ पासूनची आहे, तिच्या पहिल्या परीक्षेत एकाच सुरीनं लोंबता दोर एका घावात तोडायचा, दोन-बाय-चार इंची लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत आणि शेवटी तीच सुरी व्हाइसमध्ये धरून ९० अंशात वाकवायची, मोडता कामा नये. धार कडक आणि पाठ मऊ असल्याशिवाय हे जमत नाही. वर सांगलीकरांच्या आजोबांनी जे केलं त्याचीच परीक्षा म्हणा.

पहारवाला_सांगली

आज्जाला अमेरिकेचं सर्टिफिकेट, वा!

भातेवाला

ऑस्टिनकर, ठाऊक असलेलं पोलाद हवं हे शंभर टक्के मान्य. पण नवशिक्यानं पहिल्या सुरीला ओएचएनएस घेऊ नये, ते महाग पडतं आणि ८०० च्या आसपास नेऊन काही मिनिटं तिथेच सांभाळून ठेवावं लागतं. कोळशाच्या भट्टीत ते जमवणं कठीण. बेअरिंगचं ईएन ३१ पण तसंच. पाटा चुका पोटात घालतो.

माजघर

मी सुऱ्या बनवत नाही, रोज वापरते, म्हणून जरा वेगळं. तुम्ही सगळे कडक कडक म्हणताय. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात आजीची विळी आहे, लोहाराकडून करून घेतलेली, तिच्यावर मासे, फणस, नारळ सगळं होतं आणि धार गेली की आजी दगडावर दहा मिनिटांत परत आणते. मला भावानं भेट दिलेली भारी सुरी आहे, फार कडक, ती कोबीला स्वर्ग आहे पण सुरमईच्या काट्यावर कडेचा कपचा उडाला आणि घरच्या दगडावर तिला धारच लागत नाही. तर कडक म्हणजे चांगली हे कोणी ठरवलं?

धातुकण

माजघर ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. तेलातून काढलेली सुरी काचेसारखी असते, हातातून फरशीवर पडली तर दोन तुकडे. तिला किती मऊ करायचं हे काय कापायचं आणि धार कशानं लावायची यावर ठरतं. पाट्याच्या पोलादाला २०० अंशाला ठेवलं तर कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साधारण ५८ येतो, भाजीची सुरी. २३० ला ५६ च्या आसपास, मासे-मटणाला बरी. विळी, कोयती, ऊसतोडीचा कोयता यांना आणखी खाली यावं लागतं, कारण शेतात कानशीनंच धार लावतात, आणि कानशीपेक्षा बरंच मऊ असल्याशिवाय कानस चालत नाही. आजीच्या विळीचा लोहार हे जाणून होता.

चिमटा_कोथरूड

पण हे २००, २३० घरात कसं मोजायचं? ओटीजी चालतो का? बायको केकला वापरते तो :(

भातेवाला

ओटीजी चालतो, बायकोची परवानगी घेऊन आणि पात्यावरचं तेल साबणानं धुऊन. त्याच्या बटणावर विसंबू नका, २०० लिहिलेलं असतं तिथे आत १८० पण असतं आणि २४० पण. साधा ओव्हन थर्मामीटर आणा. तोही नसेल तर वाटीत चमचाभर साखर ठेवा, ती १८६ च्या आसपास वितळते, म्हणजे निदान खालची बाजू कळली. पातं थेट जाळीवर ठेवू नका, कॉइल पेटली की पातळ धार आधी भाजून निघते. ट्रेमध्ये कोरडी वाळू घाला, त्यात पुरा, दोन तास ठेवा, गार होऊ द्या, परत दोन तास. आणि हे तेलातून काढल्यावर लगेच, हाताला सोसवेल इतकं गार झालं की त्याच दिवशी. उद्या करू म्हणून ठेवलेली पाती रात्रीत आपोआप तडकतात.

रंगावर जायचं असेल तर पातं आधी घासून चकचकीत करा. फिकट पिवळा म्हणजे २०० च्या थोडं वर, सोनेरी २३०, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३००. पण जास्त वेळ ठेवलं तर कमी तापमानालाही पुढचा रंग येतो, त्यामुळे ओव्हनमध्ये थर्मामीटरच खरा, रंग पहारवाल्यांच्या पद्धतीत जिथे सगळं मिनिटभरात होतं तिथे.

नवशिका_७७

परत केलं. डबा भट्टीला चिकटवून ठेवला, चुंबक सुटल्यावर अजून थोडं वर नेलं. कानस घसरली!!! पण पातं थोडं धनुष्यासारखं वाकलंय. ठोकून सरळ करू?

पहारवाला_सांगली

आरं ठोकू नको बाबा, मोडंल.

भातेवाला

अजिबात नाही. तेलातून काढल्यावर पहिले काही सेकंद पातं २०० च्या आसपास असतं, अजून पुरतं कडक झालेलं नसतं, तेव्हा हातमोजे घालून दोन फळ्यांत दाबून सरळ करता येतं. ती वेळ गेली. आता एक फेरी २०० ला करून घ्या, मग दुसऱ्या फेरीच्या वेळी पातं जाड लोखंडी पट्टीवर दोन क्लॅम्पनी बांधा, बाक आहे तिथे खाली एखादं नाणं सरकवून थोडं उलटं वाकेल असं, आणि तसंच ओटीजीत ठेवा. पहिल्यांदा पूर्ण सरळ नाही आलं तर नाणं जाड घ्या, तापमान वाढवू नका. सरळ झाल्यावर धार काढताना ग्राइंडरवर उघड्या हातानं धरा, बोटाला चटका बसला की पाण्यात बुडवा. हातमोजे घातले तर कळणारच नाही आणि कडेला निळा डाग आला की तेवढी धार कायमची मऊ झाली.

सरकारी_बाबू

विचारायचं राहिलंच कोणाचं. हे सगळं कायद्यात बसतं का? पुण्यात कोयता म्हटलं की पोलीस दचकतात.

ऑस्टिनकर

पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं, घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या वापरासाठी बनवलेली सोडून. भाजीची सुरी करा, खंजीर-तलवारीच्या नादी लागू नका. आणि बाइकला कोयता लटकवून फर्ग्युसन रोडला जाऊ नका, कुठलं तरी कलम सापडेलच.

माजघर

मूठ कशाची लावता तुम्ही लोक? आजीच्या विळीचा पाट फणसाचा आहे आणि पातं लाख ओतून बसवलंय, अजून हललेलं नाही.

पहारवाला_सांगली

आमच्याकडं बाभळीची नाहीतर शिसवाची. मुठीत भोक पाडायचं, पात्याची शेपटी थोडी तापवून आत घालायची म्हणजे आपली जागा आपण करून घेती, मग काढून थंड करून लाख भरायची आणि तोंडाला शेंबी (धातूचं कडं) ठोकायची. शेपटी तापवताना पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवा, नाहीतर तिकडनं ऊब चढून दिलेलं पाणी उतरंल.